डोंगरापलीकडं पोचलेला अमेरिकन नगराध्यक्ष

वंदनाचा फोन आला आणि मी जायचं ठरवलं. ती सोयगावच्या कोर्टात वकिली करते आणि तालुक्यातल्या आपल्या लहानशा गावात एका खोलीत वाचनालय चालवते. "ताई, सरपंच म्हणतात, तिथं कोणी येत नाय, खोलीत खताचं गोडाऊन करू. रविवारच्या व्याख्यानाला मंडप भरला, तरच खोली राहील."

व्याख्यान मीच द्यायचं होतं. मी विषय सांगितला: एकोणिसाव्या शतकातला एक अमेरिकन वकील, जो पुढं आपल्या नदीकाठच्या गावाचा नगराध्यक्ष झाला.

"गर्दी जमवायचीय ताई, पांगवायची नाय."

मी हटले नाही. खेड्यातल्या माणसाला जग नको असतं, हा शहरातल्या आळशी लोकांनी पसरवलेला समज आहे.

रविवारी सकाळी शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकावरून सिल्लोडची एसटी धरली. बायांना अर्धं तिकीट. सकाळी निघालात तर डावीकडची खिडकी पकडा, उजवीकडं ऊन येतं. हर्सूलचं तळं मागं पडलं आणि दोन्ही बाजूंना फुटलेली कपाशी सुरू झाली. सिल्लोडला गाडी बदलली, गरम भजी खाल्ली. अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूर. तिथून काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई घरी ठेवून या.

गावाच्या वेशीवरच तो मला भेटला. केवढा मोठा फ्लेक्स! पांढरी दाढी, फ्लेक्सवाल्यानं गुलाबी केलेले गाल, आणि खाली 'यांचे गावात सहर्ष स्वागत'. मी कुठंतरी कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढी.

मंडपात स्टेजमागंही तोच फ्लेक्स, आणि पाय ठेवायला जागा नव्हती. वंदनाचा चेहरा मात्र उतरलेला. "ताई, लोक त्यालाच बघायला आलेत."

मी माईक घेतला तशी पुढच्या रांगेतली एक आजी म्हणाली, "गोरा कुठंय?"

"आजी, तो कधीच वारला."

"मंग फोटूला हार का नाय घातला?"

आपल्याकडं हार नसलेला फोटो म्हणजे हयात माणूस. सगळ्या गावानं बरोबरच वाचलं होतं. मागं खुर्च्या सरकू लागल्या. सरपंच मिशीत हसत होते. कोणीतरी शेवंतीचा हार आणला, दोघांनी तो शिडीवरून फ्लेक्सला घातला आणि आजी म्हणाली, "आता सांग. कशानं गेला?"

"म्हातारपणानं. पण त्याआधी निवडणूक हरला."

खुर्च्या थांबल्या. निवडणूक म्हटल्यावर आपल्या गावात कोण उठतं?

मग मी बोलले. माणसं विकली जायची त्या काळात मालकांपासून पळालेल्या गुलामांचे खटले हा वकील कसा लढला. नगराध्यक्ष झाल्यावर गावातला पहिला पाण्याचा पंप त्यानं कसा बसवला.

"कोण्या गल्लीत?" बौद्धवाड्याच्या बाजूनं आवाज आला.

"काळ्या लोकांच्या. आणि सांगितलं, गोऱ्यांनी इथं येऊन भरावं."

मंडपात टाळ्या अशा, की माईकवरचं माझं बोलणंही ऐकू येईना.

"म्हणून पाडला व्हय त्याला?" सरपंचांनी विचारलं.

"म्हणूनच. पंप मात्र नंतरच्यालाही काढता आला नाही."

सरपंच उठले. "खताला दुसरी जागा बघू," ते म्हणाले. "पण वकीलबाई, फ्लेक्स छापताना इचारत जा." सगळ्यात मोठ्यानं वंदना हसली.

घाट उतरला की ताटही खानदेशी होतं. रात्री तिच्या घरी वांग्याचं भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी यावर मी असा ताव मारला, की तिच्या आईनं दुसऱ्यांदा पीठ मळलं. व्याख्यानाचं मानधन विचाराल तर हेच.

सोमवारी दुपारी घरी पोचले. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ टाळ्या ऐकल्या. बहुतेक गाडीत बसेपर्यंत विरतात. ही टाळी अजून कानात आहे, त्याला कारण वंदनाचा संध्याकाळचा फोन. खोलीत माणसं आली होती, आजीही नातीला घेऊन, आणि सगळ्यांना त्या गोऱ्याचं पुस्तक हवं होतं. मराठीत ते नाही.

म्हणून मीच ते लिहायला घेतलंय. सध्या माझ्या वहीत तो एका म्हाताऱ्या वकिलाच्या कचेरीत झाडू मारतोय, कायदा अजून शिकायचाय.