पोरीच्या लहरी

“सोडू नको वं, अजून ओल्याच हायेत!” मी हात लावण्याआधीच ती ओरडायची. वेण्या तिच्या आणि बोटं मोडायची माझी.

सौंसरला आमच्या शेजारच्या खोलीत ती आत्याबरोबर राहायची. ती आणि मी एकाच शाळेत शिकवायचो. केस इतके सरळ, की रिबीनसुद्धा घसरून पडायची. आणि बाईसाहेबांना हव्या होत्या लहरी! गरम चिमट्याचं नाव काढलं की म्हणायची, “केस जळते ना!” मग संध्याकाळी डोकं भिजवून माझ्या उंबऱ्यात बसायची. पुढच्या वेण्या ती घालायची, मागच्या मी. बारीक बारीक वेण्या आणि प्रत्येकीच्या टोकाला जुन्या लुगड्याची चिंधी. सकाळी सोडल्या की पाठभर लहरी. मधल्या सुट्टीपर्यंत पुन्हा सगळं सरळ. आता सांगा, डोकं फिरणार नाही तर काय होणार?

“कशाला करून राहिली हा खटाटोप?” मी चिडायचे.

“एकदा तरी कोणी वळून पाहिलं पायजे ना मले.”

प्रत्येक स्थळाकडून तिला नकारच आला होता.

मग पांढुर्ण्याचं स्थळ आलं. लोधीखेड्याच्या एका लग्नात तिनं त्या मुलाला पाहिलं होतं, आणि तेव्हापासून दुसरा विषयच नव्हता. पाहुणे पहिल्याच बसनं हजर. थंडीचे दिवस, वेण्या ओल्याच. आत मी भराभरा चिंध्या सोडत होते. बाहेर आत्या चहा देत म्हणाली, “थांबा जी थोडं. पोरीच्या लहरी सुटून राहिल्या.”

मुलाची आई बिचकली. “नेहमीच येते का अशा लहरी?”

“रोज जी! रातभर बांधून ठेवा लागते, तेव्हा कुठे सकाळी जमते.”

अगं माय माझे! आम्ही बाहेर आलो तेव्हा अर्धे कप तसेच पडलेले आणि पाहुणे बसस्टँडच्या वाटेला लागलेले.

मी कपाळावर हात मारून घेतला. ती मात्र होती तशी धावली. अर्धे केस मोकळे, अर्ध्या वेण्यांना चिंध्या लोंबत. बसच्या खिडकीखाली उभी राहून ओरडली, “केसाच्या लहरी जी! डोक्याच्या नाही!”

सगळ्या स्टँडनं वळून पाहिलं. मुलगा हसत खाली उतरला.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बाई पुन्हा माझ्या उंबऱ्यात हजर.

“अवं, उद्या अंबाडा घालणार. लहरी दिसणार कोणाले?” मी म्हटलं.

“मले माहीत राहीन ना.”

घातल्या बाई, मागच्या सगळ्या घातल्या. डोळे भरून आले, म्हणून आणखीच ओरडले तिच्यावर.

ती पांढुर्ण्याला गेली. अजूनही संध्याकाळी उंबऱ्यात बसले की मी जरा सरकून जागा करते. मूर्खपणा नुसता.