जर्मनीला जाण्यासाठी अमरावतीला

मुंबईहून जर्मनीला जायचे तर माणूस बंदराकडे जातो. मी मात्र आगगाडीत बसून बंदराकडे पाठ केली आणि वऱ्हाडात निघालो. मला निरोप द्यायला आलेल्या चुलत्यांना हे काही केल्या पटेना. ते गाडी सुटेपर्यंत विचारत होते, "अरे, पण दिशा तरी बरोबर आहे ना?"

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. वडील मिशनच्या शाळेत मराठी शिकवत आणि त्याच शाळेतल्या पियानोवर माझी बोटे तयार झाली होती. माझ्या गुरू एक जर्मन विधवा होत्या, त्यांना सगळे मॅडमबाई म्हणत. पत्रांवर पत्रे पाठवून त्यांनी आपल्या देशातल्या एका संगीतशाळेत माझ्यासाठी जागा मिळवली होती. बोटीचे भाडे आणि दोन वर्षांचा तिथला खर्च मात्र कोणीतरी द्यायला हवा होता. अमेरिकेतल्या लढाईमुळे आपल्या कापसाला त्या दिवसांत सोन्याचा भाव आला होता. अमरावतीचे एक पाटील आपल्या मुलखातल्या एका मुलाला विलायतेत शिकवणार आहेत, अशी बातमी वडिलांच्या कानावर आली. माझी आई हिवरखेडची. तेवढ्या एका धाग्यावर मी वऱ्हाडी ठरलो.

रेल्वे तेव्हा खानदेशापर्यंतच आली होती. पुढे बैलगाडी. गाडीवान अकोटचा, नाव लक्ष्मण. समोरून कापसाच्या गाड्यांची रांग येत होती, ती संपतच नव्हती. वाटेवरच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकले होते आणि कित्येक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चमकत होत्या. पहिला दिवस लक्ष्मण गप्प होता. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, "तुमी काय शिकून राहिले?"

"पियानो. मोठे वाद्य असते, दोन्ही हातांनी वाजवायचे."

"किती वर्षं झाले?"

"अकरा," मी जरा ताठ बसत म्हणालो.

"अकरा!" त्याने बैलांकडे पाहून मान हलवली. "आन् अजून येत नाई तुमाले?"

बाळापूरला किल्ल्याच्या पायथ्याशी, नदीच्या काठावर आम्ही गाडी सोडली. लक्ष्मणने गोवऱ्या पेटवून रोडगे (विस्तवावर भाजलेले कणकेचे जाड गोळे) केले आणि वांग्याची भाजी रांधली. पहिल्या घासालाच माझ्या कानांतून वाफ निघाली.

"तिखट लागलं काय?"

"छे, छे."

"मंग रडून काहून राहिले?"

अकोल्यात मॅडमबाईंच्या ओळखीचे एक कापूस-व्यापारी साहेब राहत. पाटलांकडे काम नाही झाले तर असू द्या, म्हणून बाईंनी त्यांच्या नावेही पत्र दिले होते. साहेबांनी पत्र वाचले, चहा पाजला आणि माझी बोटे उलटसुलट करून पाहिली. माझी उमेद वाढली. मग ते म्हणाले, "उत्तम! कापसाचा तंतू लांब की आखूड हे ओढून पाहायला अशीच बोटे लागतात. सोमवारपासून ये." मी आभार मानून गाडीत बसलो. लक्ष्मणचे मत पडले की मी मूर्ख आहे, आणि हे मत त्याने अमरावती येईपर्यंत दर मुक्कामाला ऐकवले.

अमरावतीत शिरलो तेव्हा दुपार होती. पेठेत गाठोडी, गाठोड्यांवर माणसे आणि माणसांच्या मिशांत कापूस. जो तो भाव विचारत होता. पाटलांचे घर नव्या विटांचे होते. पाटील पन्नाशीचे, साधे धोतर नेसलेले, डोळे बारीक. दिवाणखान्यात लाल कापडाखाली पियानो होता. मायदेशी परतणाऱ्या कुणा साहेबाकडून तो विकत घेतला होता. आल्या दिवशी घरच्या बायकांनी त्याची पूजा केली होती. झाकणावरचे कुंकू अजून दिसत होते.

"माय कोणत्या गावची?" पाटलांनी विचारले.

"हिवरखेडची."

"मंग वऱ्हाडीत बोलून दाखव."

"मला... म्हणजे मले..."

"राहू दे, बाप्पा," पाटील म्हणाले. "वाजव."

ऐकायला सात-आठ व्यापारी आले होते. भिंतीला टेकून करीमचाचा बसले होते. ते बाळापूरचे सारंगीवादक. पाटलांच्या घरी त्यांचे जाणे-येणे होते. मी पहिला सूर दाबला आणि तो भलताच निघाला. वऱ्हाडच्या कोरड्या हवेने लाकूड आक्रसले होते, खुंट्या सैल पडल्या होत्या आणि एकेका पट्टीच्या तीन-तीन तारा तीन दिशांना तोंडे करून होत्या. मी मनात म्हटले, यांना काय कळणार आहे! आणि मला येत असलेली सर्वांत वेगवान चीज मी धडाधड वाजवून टाकली. बोटे अशी कधीच पळाली नव्हती. संपल्यावर व्यापाऱ्यांनी "वा, वा" केले. मी घाम पुसत वळलो.

पाटील माझ्याकडे बघतच नव्हते. "कसं काय, चाचा?"

चाचा अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हात घोड्यासारखा धावते, पाटील. पन घोड्यावरचा मानूस बहिरा हाय."

मी म्हणालो, "सूर उतरलेले मलाही कळले. पण आमच्या विद्येत सूर लावणारा माणूस वेगळा असतो. वाजवणारा ते काम करत नाही."

"यानी?" चाचांनी भुवया उंचावल्या. "खाना तुमी खायचा आन् चावायले दुसरा मानूस?"

सगळे हसले. दाराआड बांगड्याही हसल्या. मला वाटले, यापेक्षा अकोल्याचा सोमवार बरा होता.

पाटील मात्र हसले नाहीत. "कळलं होतं, तरी वाजवत राह्यला," ते म्हणाले. "आमाले कळत नाई म्हणून ना?"

मी पियानोचे झाकण लावू लागलो.

"आठ दिवस देतो. हे सुरात लाव आन् मंग वाजव. चाचा हायेतच."

पियानोच्या पोटात आधीच्या मालकाने ठेवलेली खुंट्या पिळायची चावी सापडली, आणि आमची आठ दिवसांची शाळा सुरू झाली. चाचांनी सैल खुंट्या काढून त्यांच्याभोवती कागदाचा पातळ पदर गुंडाळला. एक तार ऐकताना शेजारच्या दोन गप्प कशा करायच्या, असा प्रश्न आला तेव्हा पाटलीणबाईंनी न बोलता मूठभर कापूस पुढे केला. त्याचे बोळे तारांत खोचून आम्ही एकेक सूर चढवत गेलो. पहिल्या तीन दिवसांत मी दोन तारा तोडल्या. चाचा दर वेळी म्हणत, "जोर नको लावू. ऐक." अकरा वर्षांत मी बोटांचे ऐकले होते, एका तारेपुढे इतका वेळ कधी बसलो नव्हतो.

पाचव्या दिवशी चाचांनी आपल्या कानाप्रमाणे मधले सप्तक लावून दिले. मी हळूच तीन सूर एकत्र दाबले. इतका गोड पियानो मी मुंबईत कधी ऐकला नव्हता. चाचा खुशीत मांडी ठोकत होते. मग मी चिजेचा पुढचा भाग वाजवला. तिथे षड्ज बदलतो, आणि तिथे पियानो दाराच्या बिजागरीसारखा किंचाळला.

"हे काय झालं?" चाचा दचकले.

आता शिकवायची पाळी माझी होती. मी म्हणालो, "चाचा, तुम्ही एका सा-साठी सगळे सूर खरे लावलेत. आम्ही वाजवताना सा बदलत जातो. म्हणून प्रत्येक सूर खऱ्यापासून केसभर ढळवावा लागतो."

"म्हंजे सगळ्यायवर थोडा थोडा अन्याय?"

"हो. पण मग एकटा कोणी उपाशी राहत नाही."

"गंधार खोटा लावायचा म्हंजे पाप हाय, बेटा," चाचा म्हणाले आणि त्यांनी चावी माझ्या हातात दिली. "तूच लाव. मी सांगतो केसभर म्हंजे किती."

तसेच केले. किती ढळवायचे ते मला मॅडमबाईंच्या पुस्तकातून ठाऊक होते, पण ते कानाने कसे धरायचे हे चाचांना ठाऊक होते. उरलेल्या दिवसांत आम्ही भांडत भांडत तो पियानो उभा केला.

आठव्या दिवशी तीच मंडळी जमली. या वेळी मी एक संथ चीज घेतली. लपायला जागा नाही अशी. प्रत्येक सूर मी स्वतः लावलेला होता आणि ओळखीच्या माणसासारखा ओ देत होता. षड्ज बदलायची जागा आली तेव्हा मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून चाचांकडे पाहिले. ते डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

संपल्यावर कोणी "वा" म्हटले नाही. दाराआडही शांत होते. पाटलांनी चाचांकडे पाहिले. चाचा म्हणाले, "धाडा पोट्ट्याले."

"जायाचं भाडं आन् एका वर्षाचं मी देतो," पाटील म्हणाले.

"शिक्षण दोन वर्षांचे आहे," मी चाचरत सांगितले.

"मले ठावं हाय. कापसाचा भाव आज हाय, उद्या नसन. माह्या भरोश्यावर दोन वर्षं बसू नको. दुसऱ्या वर्षाचं तुह्या कानानं कमाव. तथी पियानो लय असतीन, आन् सारे काई सुरात नसतीन."

परतीच्या वाटेवर लक्ष्मणच भेटला. सगळी हकिकत ऐकून त्याने एवढेच विचारले, "म्हंजे आठ दिवसांत आलं तुमाले?" मी हो म्हणालो. या वेळच्या रोडग्यांबरोबर त्याने वांगी मुद्दाम कमी तिखट केली, आणि मला ती जरा अळणी लागली.

मॅडमबाई मात्र संतापल्या. "एकच वर्ष? आणि माझा शिष्य लोकांच्या घरी जाऊन खुंट्या पिळणार?" मी त्यांच्या लाडक्या पियानोवर तीन सूर दाबले आणि अकरा वर्षांत प्रथमच मला ऐकू आले की मधला गंधार चांगलाच उतरला आहे. बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि त्यांनाही ते ऐकू आले. मग त्याच हसत सुटल्या.

वऱ्हाडला आपण विद्या दाखवायला चाललो आहोत, अशा ऐटीत मी निघालो होतो. मी जर्मनीला पोचलो, आणि वर्ष भरायच्या आत अमेरिकेतली लढाई थांबून कापसाचा भाव कोसळला. कापसावर श्रीमंत झालेल्या मुंबईच्या शेठजींनी शिकायला पाठवलेली दोन मुले अर्ध्यातून बोटीने परतली. पाटलांनी आपले वर्ष पुरते दिले. पुढचे वर्ष मी सकाळी लोकांचे पियानो सुरात लावत असे आणि दुपारी शाळेत जात असे. बर्फात बोटे आखडत, तारा हट्ट करत, आणि जोर लावायचा मोह होई. तेव्हा मी हात थांबवत असे आणि आधी ऐकत असे.