पाव गोळी

रोज सकाळी स्वतःच्या चहाआधी गोजराबाई उकडलेल्या मासळीचे काटे काढत बसायच्या. मांजरीसाठी. घास बोटांनी चाचपून मगच डब्याच्या झाकणात टाकायच्या. मांजर मांदेली मासळीसारखी चंदेरी आणि काटकुळी, म्हणून तिचं नाव मांदेली.

तळवलीच्या अंगणवाडीत त्यांनी एकतीस वर्षं मदतनीस म्हणून काढली. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्या मांडीवर डोस घेऊन रडल्या. रडणं थांबलं की गोजराबाई आईला सांगायच्या, "अंग तापलं का पाव गोली पान्यान दे, बाय." त्यांच्या हाताला गुण आहे असं गाव मानायचं. निवृत्त झाल्यावरही बाया विचारायला यायच्याच.

मांजराला लस नाही अशी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी कुरकुर केली, म्हणून गोजराबाईंची सून नमिता मांदेलीला लस टोचून घेऊन आली. डॉक्टर म्हणाले होते, "दिवसभर सुस्त राहील, अंग कोमट लागेल. पाणी ठेवा, निजू द्या. माणसांचं औषध मात्र अजिबात देऊ नका." नमिताला कामावर जायला उशीर झाला होता. दारातूनच मांजराची पिशवी सासूच्या हाती देत ती म्हणाली, "आई, आज ती झोपून राहील. टेन्शन घेऊ नका." पुढचं सांगायचं राहून गेलं.

संध्याकाळी ती परतली तेव्हा मांदेली गोजराबाईंच्या पदरात गुंडाळलेली होती. नमिताचा नवरा शिवा आईला चिडवत होता, "मला ताप यायचा तेव्हा एवढे लाड नव्हते हां."

"तवा तुना मिशा व्हत्या काय?" गोजराबाई हसल्या. मग सुनेला म्हणाल्या, "दुपारी अंग तापलंवतं. पाव गोली दिली. उतरंल आता."

नमितानं चप्पलही काढली नाही.

रिक्षात गोजराबाईंच्या मांडीवर मांदेली तोंड उघडून श्वास घेत होती. हिरड्या मातकट पडल्या होत्या. डॉक्टरांनी सलाईन लावलं, ऑक्सिजन दिला. "ही गोळी मांजरांना विष असते. तरी कशी दिली?" ते नमिताकडे बघत म्हणाले. नमितानं मान खाली घातली. गोजराबाईंना वाटलं, आपल्यालाच विचारतायत.

"माजंच चुकलं, साहेब."

दुसऱ्या दिवशी दुपारी मांदेली गेली. शिवानं तिला घरामागे पुरलं. 'आई, मी सांगायला विसरले', हे नमिता रोज ओठांपर्यंत आणायची आणि सासूचा चेहरा दिसला की गिळायची. एकदा भाजी निवडता निवडता गोजराबाई म्हणाल्या, "एवढ्या पोरांना दिली गं मी. कुनाला काय झालं नसंल ना?" नमिता नळ सोडून भांडी घासायला लागली.

आठवड्याभरानं शेजारची मनाली डोस दिलेलं बाळ घेऊन आली. "आजी, हात लावून बघा ना, गरम लागतंय."

गोजराबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. नमिता दारातच उभी होती. आत्ता सांगावं, तिच्या मनात आलं.

"डॉक्टरला इचार, बाय," गोजराबाई म्हणाल्या. "मना काय कलतं."