मी प्राध्यापक नव्हतो

"काका, तुमच्यासारखे प्रोफेसर आता कुठले राहायला? सगळा कोटा. अणू कुठला, आयन कुठला, त्यांना विचारून बघा एकदा!"

मुलीला न्यायला आलेला बाप दारात उभा राहून म्हणाला. बँकेतला, पुण्याचा. सिंगापूरच्या पासिर रिस भागात आमच्याच ब्लॉकमध्ये सहा मजले वर राहायचा. त्याची मुलगी आमच्या जेवणाच्या टेबलावर मोलची गणितं सोडवत होती.

मी हसलो.

२०१४ सालची गोष्ट. ते हसणं मला अजून ऐकू येतं. म्हणून लिहितो.

मी प्राध्यापक नव्हतो. महार म्हणून राखीव जागेवर लागलो आणि बत्तीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये परिचर होतो. द्रावणं मी बनवायची, वहीत सही सरांची. साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ तोलायचं, विरघळवायचं, एक लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. त्यात मिठाचा एक मोल. पुस्तक नंतर वाचलं, हात आधी शिकले. माझ्या हातचं डिस्टिल्ड वॉटर सरांना चालायचं. प्यायच्या पाण्याचा माठ मात्र मी भरायचा नाही. "तू राहू दे रे." गोड आवाजात. बत्तीस वर्षं राहू दिलं.

निवृत्तीनंतर इथे मुलाकडे आलो तेव्हा त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, बाबा केमिस्ट्रीचे प्रोफेसर. आडनाव त्याने आधीच बदललेलं. मी गप्प बसलो. शनिवारी दुपारी चार मुलं यायची, सर म्हणायची. बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

पुढच्या शनिवारी ती मुलगी अडली. "सर, सोडियमचा इलेक्ट्रॉन गेला, आयन झाला. मग नाव चेंज करायला नको?"

"प्रोटॉन किती?"

"अकरा."

"मग सोडियमच."

"सेमच आहे लाह!" इथल्या मुलांसारखं शेवटी "लाह" लावून ती म्हणाली. "उगाच कन्फ्यूज करतात."

मला मुलाने बदललेलं आडनाव आठवलं. मी पुस्तक मिटलं.

बाप आला. त्याला आत बसवलं. मुलांसमोरच म्हणालो, "मागच्या वेळी कोट्याचं बोललात. त्या कोट्यातला मी. प्रोफेसर नव्हतो, लॅबमध्ये परिचर होतो."

तो गडबडला. "अहो काका, तुम्हाला उद्देशून नव्हतं ते."

"ठाऊक आहे. मी तुमच्यातला वाटलो, म्हणून बोललात."

मुलीचं दप्तर त्यानेच भरलं. ती परत आली नाही. महिन्याभरात बाकीचीही थांबली. मुलगा नंतर म्हणाला, "बाबा, इथे कोणी विचारत होतं का?"

नव्हतं. मीच सांगायला हवं होतं, हसायच्या आधी. त्या एका हसण्याने आमच्यातल्या प्रत्येक शिकलेल्या पोराला मी अडाणी ठरवलं. माफी कुणाची मागू? ती पोरं इथे नाहीत, आणि ज्याच्यासमोर हसलो त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही.

आता कुणी शिकवणीचं विचारलं, की दारातच सांगतो. परिचर होतो. महार आहे. यायचं तर या.

मुलगा म्हणतो, असं सांगितलंत तर कोणी येणार नाही.

न येवोत. दुसऱ्याचा मान अंगावर घेऊन मी यापुढे कुणालाही एक अक्षर शिकवणार नाही.