आत्याबाईंचं ईडलिंबू

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मनुबाई. माधवनगरात आमच्या गल्लीत कुणी आजारी पडलं की त्यांची लोणच्याची बरणी निघायची. तेल नाही, तिखट नाही. नुसतं ईडलिंबू, खडं मीठ आणि ऊन. मुरून काळी पडलेली एक फोड मऊ भातावर ठेवली की तापानं गेलेली चव परत यायची. मी म्हणायचे, "आवं, घरात ठेवा की थोडं." तर म्हणायच्या, "आपल्या घरात कोण आजारी हाय? काय बी बोलू नगंस."

आणि त्याच आजारी पडल्या. मिरजेला पोटाचं ऑपरेशन झालं, पाठोपाठ कॅन्सरची औषधं सुरू झाली आणि अन्न तुटलं. "समदं मातीवानी लागतंय," एवढंच म्हणायचं आणि भिंतीकडं तोंड करायचं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "वजन असंच उतरत राहिलं तर पुढचं औषध देता येणार नाही. काहीही करा, पण खायला घाला."

घरी येऊन बरणी उघडली, तर तळाला नुसतं वाळलेलं मीठ. शेवटची फोड गल्लीतल्या बिरदेवला दिलेली, त्याला टायफॉइड झाला तेव्हा. असा संताप आला म्हणून सांगू! गावभर वाटलं आणि स्वतःला खडखडाट. नवरा फौजेत, लांब. तो फोनवर म्हणतो, "बघ गं रेश्मा कायतरी." म्हटलं, बघते, मीच बघते.

ईडलिंबू कुठं मिळतं हे मला काय माहीत? ते दरवर्षी आत्याबाईच आणायच्या. आमच्या बाजारात कागदी लिंबाशिवाय काही दिसेना. मग सांगलीला गेले, विश्रामबागेतल्या नव्या मोठ्या दुकानात, जिथं भाजीसुद्धा एसीत बसते. बाई बाई! लिंबाची एवढी मोठी भावकी असते हे मला चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हतं. पिवळंधमक परदेशी लिंबू, डोक्याएवढं पपनस, सुपारीपेक्षा जरा मोठी संत्री, ती म्हणे सालीसकट खायची. आणि एक हिरवंगार, अंगभर चामखिळी उठलेलं. तिथल्या पोरीला विचारलं, "बाई, हे खातात का करणीला वापरतात?" ती खुदकन हसली. "काकू, ह्याची साल किसून घालतात जेवणात." ईडलिंबू मात्र तिला माहीत नव्हतं. म्हटलं, नसेना का. ह्यातलं एखादं तरी पोटात जाईल. सगळ्यातलं एकेक घेतलं.

घरी आणून अंथरुणावर मांडलं. आत्याबाई खाणार नाहीत, पण परीक्षा घेणार. नखानं साल खरवडायची आणि नाकाशी धरायची. परदेशी लिंबाला म्हणाल्या, "मेण फासलंय ह्याला. नुसतं नटलंय." पपनसाला, "सोलता सोलता दिस मावळंल." बारक्या संत्र्याला दात लावला आणि ते थुंकून टाकलं. चामखिळीचं तेवढं बराच वेळ हुंगलं. "वास लय झ्याक हाय. पर ह्यात रस कुठाय?" आणि पुन्हा भिंतीकडं तोंड. भात तसाच निवला.

पुढं एकदा मिरजेला त्यांचे रिपोर्ट आणायला गेले होते. मंडईच्या तोंडाशी कर्नाटकातली एक बाई पोतं पसरून बसलेली. मिरच्यांच्या ढिगामागं जाडसालीची, खडबडीत, मुठीत न मावणारी लिंबं. मी आत्याबाईंसारखंच नख लावलं आणि वास घेतला. आमच्या घरात उन्हाळ्यात दरवळायचा तोच वास! तिथंच डोळ्यांत पाणी आलं. होती तेवढी सगळी पिशवीत भरली.

आत्याबाईंनी एकाला नख लावलं आणि डोळे मिटले. "कुठं घावलं गं?" म्हणत आपणहून उठून बसल्या. "विळी आण. मीठ आण, खडं." मी फोडी करत होते, त्या हातानं मीठ चोळून बरणी भरत होत्या. मला इतका आनंद झाला, की पळत जाऊन ताटात भात वाढून आणला आणि त्यावर एक फोड ठेवली. त्यांनी हातावर फटका मारला. "कच्चं हाय ते! वरीसभर मुरल्याबिगर तोंडाला लावायचं न्हाई."

लिंबू हुडकायच्या नादात हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. डॉक्टर पुढच्या आठवड्यातल्या औषधाचं बोलतायत आणि ही बरणी वर्षाचं! ताट हातात धरून मी भडाभडा रडले. "आत्याबाई, आता काय करू मी? काय घालू तुमाला खायला?"

त्यांनी बरणीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "रडतीस कशाला? फडकं बांध बरणीच्या तोंडाला. रोज उनात ठेवाय लागंल, रोज हलवाय लागंल. एक दिस चुकला की बुरशी. जमंल का तुला?"

"मला न्हाई जमायचं," मी नाक पुसत फणकारले. "पोरांचे डबे, तुमची औषधं, कुठंकुठं मरू? तुमचं लोणचं, तुमी हलवा."

"व्हय?" म्हणाल्या. "मग भात आण हिकडं. उपाशी पोटी बरणी उचलती व्हय?"

हाताला मीठ आणि लिंबाचा रस लागलेलाच होता. त्याच हातानं त्यांनी भात कालवला आणि ताटातला निम्मा संपवला. मी विळी धुवायला मोरीकडं पळाले. तिथं थांबले असते तर पुन्हा रडले असते.

सकाळी उठून बघते तर अंथरूण रिकामं. बरणी अंगणात उन्हाला ठेवलेली, आणि पायरीवर सावलीला बसून आत्याबाई मलाच हाका मारतायत, "रेश्मे, उठलीस का न्हाई? च्या ठेव."