वस्तऱ्याची पाठ

सुरुवातीलाच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि अक्षर तर असं की किराण्याची यादी दुकानदार मलाच वाचून दाखवायला लावतो. 'वस्तऱ्या'तला तो मोडका र कसा काढायचा हे मी लेकीला तीनदा विचारलं. पण तो शब्द टाळून मामाजींबद्दल लिहिता येत नाही. मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन परवा दीड महिना झाला. त्या दिवशी सकाळी मी दाढीचं पाणी तापवून नेलं, पाण्याचा गंज, म्हणजे पातेलं, स्टुलावर ठेवला, "मान वर करा जी" म्हटलं... आणि त्यांनी केली नाही. मी तशीच उभी राहिले. पहिला विचार काय आला, तर पाणी निवून जाईल.

लग्न होऊन मूल शहराजवळच्या या गावात आले तेव्हा मला माणसांसमोर तोंडच उघडता येत नसे. सासऱ्यांसमोर तर नाहीच. सासूबाई होत्या तोवर निरोप त्यांच्यामार्फत जायचे. त्या वारल्या आणि ते काम अंगणातल्या बकरीकडे, लालीकडे आलं. एकदा घरात दुसरं कोणी नव्हतं, चहा झाला होता, मामाजी अंगणात पेपर वाचत होते. मी दाराआडून बकरीला म्हटलं, "लाले, चहा झाला." मामाजींनी पेपर खाली न करता बकरीलाच उत्तर दिलं, "लाले, साखर कमी टाक म्हण तिले." मला लाज वाटू नये म्हणून त्यांनी तसं केलं, हे मला फार उशिरा कळलं. पुढे तीच रीत पडली. बकऱ्या बदलल्या, नाव लालीच राहिलं, आणि अकरा वर्षं आमच्या घरचा कारभार तिच्या कानावरून गेला. शेजारीण सगळ्यांना सांगायची, यांची बकरी कमी साखरेचा चहा पिते.

मामाजी उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे तोडलेली पानं गोळा होतात तिथे, पुडे मोजायला असत. मोजायची सवय घरीही सुटली नाही. विहिरीवरून किती गुंड, म्हणजे हंडे, पाणी आलं, विहारात वंदनेला किती माणसं आली, सगळं तोंडपाठ. आणि रोज सकाळी दाढी, वस्तऱ्याने, स्वतःच्या हाताने. तो वस्तरा त्यांच्या वडिलांचा. त्या काळी गावचा न्हावी आमच्या लोकांच्या तोंडाला हात लावत नसे, म्हणून वडिलांनी बाजारातून वस्तरा आणला, स्वतःवर शिकले आणि मग साऱ्या वस्तीच्या दाढ्या केल्या. आता मूलच्या सलूनमध्ये कोणी कोणाची जात विचारत नाही. पण मामाजी त्या दारात कधी गेले नाहीत. कोणी आग्रह केला तर एवढंच म्हणायचे, "माझ्या बापाले बसू देल्लं नाई, मी काऊन बसू?"

चार वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. बोलणं वाचलं, पण उजवा हात गेला, आणि हाताबरोबर दाढी गेली. म्हणजे दाढी आली. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचे, कोणी आलं की दुपट्टा तोंडावर. माझ्या नवऱ्याने एकदा वस्तरा हातात घेतला. हे राइस मिलमध्ये पोती उचलतात, हात तसा दांडगा. दोन ओढीतच मामाजींनी डाव्या हाताने यांचं मनगट धरलं आणि म्हणाले, "हे तोंड आहे, तांदळाचा कट्टा नाई." घरी न्हावी बोलवू म्हटलं तर दिवसभर जेवले नाहीत. पौर्णिमेची वंदना विहारात नेहमी तेच घ्यायचे. दाढी वाढवून तिथे उभा राहणार नाही, म्हणाले. दोन पौर्णिमा गेल्या. वंदना दुसराच कोणी घेऊ लागला, तो मधली एक ओळ गाळायचा, आणि भोंग्यावरून ते सगळं आमच्या खाटेपर्यंत ऐकू यायचं. ओळ गळली की मामाजी ताटातला हात थांबवायचे. मला भीती वाटायला लागली, हा माणूस दाढीपायी खाट सोडणारच नाही. एका सकाळी मी बकरीला म्हटलं, "लाले, मी शिकते म्हण." खाटेवरून आलं, "लाले, दगड आण म्हण तिले."

तो धार लावायचा दगड, विटेएवढा, साबणासारखा गुळगुळीत. मी तो ओला करून मांडीवर घेतला आणि रीतीप्रमाणे मामाजींकडे पाठ करून बसले. ते म्हणाले, "लाले, पाठ टेकव म्हण. पाठ दगडाले टेकली पाहिजे." माझ्या मागे भिंतीशी पाटा उभा ठेवलेला होता. मी सरकत सरकत मागे गेले आणि पाट्याला पाठ लावून ताठ बसले. ते म्हणाले, "पाठ टेकली का?" मी बकरीकडे बघून मान हलवली. "मंग आता पाठ न उचलता फिरव." आता बसल्या जागी पाट्याला पाठ घासत कसं फिरायचं ते मला कळेना. तरी थोडी फिरले. मागून आवाज आला तो मी आधी ठसक्याचा समजले. वळून पाहिलं तर मामाजी हसत होते. लकव्यामुळे अर्धंच तोंड हसत होतं, पण पुरेपूर हसत होतं. "लाले," ते म्हणाले, "तिची नाई व, वस्तऱ्याची पाठ."

वस्तऱ्याच्या जाड बाजूला पाठ म्हणतात. दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकवून धारेकडे ढकलायचं, पाठीवरच पलटवायचं, मग परत. नंतर खांबाला बांधलेल्या जुन्या कातडी पट्ट्यावर उलटं, पाठ पुढे, धार मागे. पाठ उचलली की धार गेली. मामाजी ओढी मोजत आणि एखादी चुकली की पहिल्यापासून मोजत. धार लागली का हे बघायला वेणीतला केस उपटून पात्यावर धरायचा, नुसता टेकताच तुटला पाहिजे. तीन आठवडे केस तुटला नाही, माझी वेणी मात्र निम्मी झाली. मग एक दिवस तुटला. मला वाटलं आता दाढी. मामाजी बकरीला म्हणाले, कोहळा आण म्हण.

कोहळ्यावर बारीक लव असते. खाटेवर कोहळा, त्याला साबणाचा फेस, आणि मी दोन बोटांनी साल ताणून वस्तरा चालवते आहे, असं हे मिलवरून आले तेव्हा त्यांनी पाहिलं. चपला काढून परत घातल्या आणि पानठेल्यावर निघून गेले. त्या महिन्यात आम्ही चार कोहळे खाल्ले. एका भाजीला फेस आला.

शेवटी खरं तोंड आलं. कोहळ्याला नाक नसतं, कान नसतात, आणि तो सासरा नसतो. मी पदर डोक्यावरून दातात धरला, डोळे अर्धे मिटले आणि डाव्या गालाला हात लावला. इतक्या वर्षांत त्यांचं तोंड मी इतकं जवळून पाहिलं नव्हतं. पदर फेसात पडला. गाल झाला, हनुवटी झाली, काप पडत होते आणि मी तुरटी लावत होते. गळ्यावर आले. मामाजींना शिकवल्याशिवाय राहवेना. वस्तरा गळ्यावर असताना घाटी खालीवर करत ते म्हणाले, "लाले, सांग तिले, पाठ जराशी..."

"मामाजी, गप बसा न जी."

मी बोलले होते. बकरीसुद्धा चघळायची थांबली. लग्नानंतर सासऱ्यांशी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि गप बसा म्हटलं. आता वस्तरा ठेवून विहिरीकडे पळावं असं वाटलं. मामाजी वर आढ्याकडे बघत होते. ओठ न हलवता म्हणाले, "बरं, बाई."

त्या दिवसापासून बकरी निरोपांतून सुटली. तोंड धुतल्यावर त्यांनी आरशात काप मोजले, नऊ. फळीवर खराब पुड्याचे पैसे कापतात, तसा दर कापाला एक रुपया दंड, सगळा विहाराच्या पेटीत टाकायचा, असं ठरलं. मी म्हटलं, देईन न जी. पुढच्या पौर्णिमेला ते माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून विहारात गेले, हनुवटीवर कागदाचे तीन तुकडे चिकटलेले, आणि वंदनेची एकही ओळ गळली नाही.

दंड उधारच राहून वाढत गेला, मग वाढायचा थांबला. शेवटच्या वर्षी एकच भांडण होतं. मी म्हणायची एकूण काप सत्तेचाळीस, ते म्हणायचे अठ्ठेचाळीस. एकदा वस्तरा वरच्या ओठावर असताना ते शिंकले होते. "शिंक तुमची," मी म्हणायची. "वस्तरा तुया हाती होता," ते म्हणायचे. हे रोज चालायचं, साबण लागेपर्यंत.

ते गेले त्या सकाळी अंगणात गाव जमलं. त्यांच्या पुतण्याने मूलहून न्हावी आणला होता, शेवटची दाढी चांगली व्हावी म्हणून. चांगल्याच मनाने आणला होता. मी बायकांत बसले होते. उठले, निवलेलं पाणी परत तापवलं आणि सगळ्या माणसांमधून गेले. कसं गेले माहीत नाही. पुतण्याला म्हटलं, "बाजूले व्हा भाऊ." सवयीने म्हटलं, मामाजी, मान वर... आणि मीच ती वर केली. न्हावी शेवटपर्यंत उभा राहून बघत होता. झाल्यावर त्याने वस्तरा मागून घेतला, अंगठ्यावर धार पाहिली आणि हळूच म्हणाला, "आमी तं ब्लेड बदलतो, बाई. अशी धार मले येत नाई." एकही काप पडला नव्हता. मोजायला कोणी नव्हतं, म्हणून मीच मोजलं.

वस्तरा अजून खांबाजवळच्या कोनाड्यात आहे, तेलाच्या फडक्यात. रोज सकाळी मी तो पट्ट्यावर ओढते, पाठ पुढे, धार मागे. कोणासाठी, असं हे विचारत नाहीत. काल पौर्णिमा होती. एकेका रुपयाची नाणी गोळा करून विहारात गेले आणि पेटीत टाकली. आवाज इतका झाला की वंदना घेणारा थांबला आणि पुन्हा ती ओळ गाळून पुढे गेला.

घरी आले. खाट उभी करून ठेवलेली होती. मामाजींना कसं सांगावं कळेना... मग अंगणात गेले.

"लाले," मी म्हटलं, "सांग त्याइले, दंड पुरा देल्ला. अठ्ठेचाळीस."