मेतकुटातली धिंगरी

आई मशरूम खात नाही. "कुत्र्याच्या छत्र्या त्या, आमच्यात नाही खात," हे तिचं ठरलेलं वाक्य. मी खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं नोकरी करते, त्यामुळे या वाक्याचा मला भारी राग यायचा. "एवढी शिकलीस ती काय छत्र्या खायला?" असं म्हणून ती हसायची आणि मी आणखी चिडायचे.

गेल्या वर्षी तिला कॅन्सर निघाला. केमोच्या दुसऱ्या डोसनंतर ती इतकी खंगली, की कोपरीतल्या आमच्या घराचे दोन जिने चढताना चारदा बसायची. हातावर हात धरून बसणं मला जमत नाही. मी वाचत सुटले. मशरूममध्ये एर्गोथायोनीन नावाचं अँटिऑक्सिडंट असतं, ते शिजवूनही बरंचसं टिकतं, पेशींना एक प्रकारच्या गंजण्यापासून वाचवतं. ग्लुटाथायोन असतं. प्रतिकारशक्तीशी नातं सांगणारी बीटा-ग्लुकॅन असतात. हे सगळं खरं आहे. पण परीक्षानळीत जे दिसतं ते केमो चालू असलेल्या बाईच्या अंगात तसंच घडेल, असं कुणीही छातीठोकपणे लिहिलं नव्हतं. ते मला दिसलं नाही असं नाही. मी त्या ओळींवरून नजर पुढे सरकवली.

टिटवाळ्याला एक बाई घरातल्याच एका खोलीत भाताच्या पेंढ्यावर धिंगरी मशरूम पिकवतात. त्यांच्याकडून वाळवलेली धिंगरी आणली, मिक्सरवर दळून वस्त्रगाळ केली आणि आईच्या मेतकुटात मिसळली. तिच्या घशाखाली तेव्हा मऊ भात, तूप आणि मेतकूट एवढंच उतरत होतं. धिंगरीचा मातकट वास लपावा म्हणून हिंग आणि सुंठ वाढवली.

"या खेपेला हिंग सढळ पडलाय गं," पहिल्याच घासाला आई म्हणाली.

"पडला असेल."

दोन्ही वेळा तिने ते खाल्लं, रोज. ती घास गिळायची आणि मला जिंकल्यासारखं वाटायचं. लिहायला लाज वाटते, पण वाटायचं.

तिसऱ्या डोसआधी रक्ताचा रिपोर्ट आला. लिव्हरचे आकडे चढले होते. डॉक्टरांनी डोस थांबवला आणि आम्हा दोघींना समोर बसवलं.

"औषध झेपत नाहीये असं दिसतंय," ते म्हणाले. "डोस कमी करावा लागेल. खरं तर हे औषध गाठीवर छान काम करतंय, म्हणून जिवावर येतंय. आजी, बाहेरचं काही चालू आहे का? काढा, चूर्ण, पावडर?"

"छे हो," आई म्हणाली. "मेतकूट-भात खाते फक्त. तेही घरचं, लेकीच्या हातचं."

डॉक्टर लिहायला लागले. बोलावं तर आईसमोर बोलावं लागणार होतं. गप्प बसावं तर जे औषध तिला वाचवत होतं तेच कमी होणार होतं. चमचाभर पावडरने काय होतंय, लोक धिंगरीची भाजी करून खातात, असं मी स्वतःला बजावत होते. आणि त्याच वेळी आठवत होतं, की नमुन्यात काय मिसळलंय हे लपवलं असेल तर आमच्या प्रयोगशाळेत तो सगळा निकालच रद्द करतात. डॉक्टरांनी सही केली आणि कागद माझ्यापुढे धरला.

"थांबा," मी म्हणाले. "मेतकुटात मशरूमची पावडर आहे. अठरा दिवसांपासून."

डॉक्टरांनी हात मागे घेतला. किती, कसली, आणखी काही, सगळं विचारलं. मग म्हणाले, "यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. नसेलही. पण केमो चालू असताना अशी अँटिऑक्सिडंटची पावडर विचारल्याशिवाय देऊ नये, ती औषधाच्याच आड येऊ शकते. आणि मला कळलंच नसतं, तर मी चांगल्या औषधाला दोष देऊन बसलो असतो." त्यांनी कागद फाडला. पावडर बंद, आठ दिवसांनी पुन्हा रक्त.

घरी आल्यावर बेसिनपाशी जाऊन आईने चूळ भरली. मग आणखी एक, मग आणखी एक.

"आई, तुझ्यासाठीच केलं गं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू खाल्लं नसतंस."

"नसतंच खाल्लं," ती म्हणाली आणि खोलीत गेली.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. ते आठ दिवस मी धड जेवले नाही. आकडे उतरले. मशरूम थांबल्याने की नुसत्या विश्रांतीने, ते कुणालाच सांगता आलं नाही. तिसरा डोस पूर्ण मिळाला आणि पुढचेही. नवं मेतकूट मी केलं तेव्हा आई ओट्याशी खुर्ची टाकून बसली होती. डाळ, गहू, मेथी, हिंग, सगळं तिने हातात घेऊन पाहिलं.

आता ती बरी आहे. दोन्ही जिने न थांबता चढते. फक्त ताट पुढे आलं की वर बघून विचारते, "यात काय आहे?"

मी सांगते. भात, तूप, मीठ, मेतकूट. ती क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहते, आणि मग घास उचलते.